तागडी, चकती आणि लुकलुकणारा दिवा

महात्मा फुले मंडईच्या आसपासच्या एखाद्या गाळ्यासमोर संध्याकाळच्या गर्दीत आपली पाळी येईपर्यंत ज्याला उभे राहावे लागले असेल, त्याच्या दृष्टीस दोन वस्तू पडल्याखेरीज राहिल्या नसतील. एक अगदी समोर, मेथीच्या जुड्या आणि कोथिंबिरीच्या ढिगामध्ये जेमतेम जागा करून बसवलेला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. आणि दुसरी मागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी टांगलेला, धुळीने मळलेला विजेचा मीटर, ज्याच्या तोंडावर एक तांबडा ठिपका थांबून थांबून लुकलुकत असतो. पहिल्या यंत्राकडे गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून पाहते. दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही, आणि महिन्याअखेरीस बिल हाती आले म्हणजे मात्र सारा संशय त्याच्यावरच येतो.

अशाच एका गाळ्यावरच्या मावशींनी पाव किलो वांगी माझ्या पिशवीत टाकता टाकता मला विचारले, “काका, वांगी ताटलीत ठेवली की काटा आकडा दाखवतो, एवढं कळतं. पण त्या डब्यात वीज ठेवतात कुठं, अन् तोलतं कोण?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता आले नाही, कारण वांगी तोलणाऱ्या काट्याचे अंतरंगसुद्धा आपण समजतो तितके उघड नाही. किंबहुना पुढे विचार करता असे ध्यानात आले की, समोरचा काटा आणि भिंतीवरचा मीटर ही एकाच युक्तीची दोन अपत्ये आहेत, आणि ती युक्ती मंडईतल्या जुन्या वहीखात्याशी इतकी मिळतीजुळती आहे की मावशींना ती समजावून सांगण्यास कोणत्याही शास्त्रीय परिभाषेची गरज पडू नये.

वीज खरोखरच तोलली जात होती तेव्हा

प्रथम हे सांगितले पाहिजे की, विजेला ताटलीत ठेवून तोलण्याची कल्पना हास्यास्पद मुळीच नाही. थॉमस एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे आपले वीजनिर्मिती केंद्र सुरू केले, तेव्हा गिऱ्हाइकाने किती वीज वापरली हे ठरवण्यासाठी त्याने घरोघर एक काचेची बरणी बसवली होती. तिच्यात जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असत. घरात येणाऱ्या प्रवाहाचा एक लहानसा ठरावीक हिस्सा या बरणीतून जाई, आणि त्याच्या प्रमाणात एका पट्टीवरचे जस्त विरघळून दुसरीवर जाऊन बसे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, त्या नाजूक तराजूत तोलल्या जात, आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिलाची आकारणी होई. म्हणजे विजेच्या मोजदादीचा आरंभ अक्षरशः तागडीनेच झाला. या व्यवस्थेत मोठे न्यून असे की गिऱ्हाइकाला स्वतः काहीच वाचता येत नसे. तोल कंपनीच्या दफ्तरात होई आणि आकडाही कंपनीच सांगे. शिवाय ही रीत केवळ एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला लागू पडे. आज आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे सेकंदात शंभर वेळा आपली दिशा पालटते. तिने बरणीत जितके जस्त नेले असते तितकेच लगोलग परत आणून ठेवले असते.

चकतीचे राज्य

शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरणारा भाजीबाजार ज्या इमारतीत नेण्यात आला, ती ही मंडईची इमारत १८८६ साली बांधून पुरी झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. नगरपालिकेचे सभासद असताना ज्या जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला होता, त्यांचेच नाव पुढे तिला मिळाले, हा इतिहास पुणेकरांना ठाऊक आहे. इकडे मंडईचा मनोरा उभा राहत होता त्याच सुमारास, १८८५ साली, इटलीत तूरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी दोन वेटोळ्यांतून किंचित पुढे-मागे असे दोन प्रवाह सोडून धातूचे पात्र स्पर्शावाचून फिरवून दाखवले. आणि १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओटो ब्लाथी यांनी याच तत्त्वावर वीजमापकाचे पेटंट मिळवले.

वडीलधाऱ्यांना आठवत असलेला काळ्या पेटीतला, काचेआड सावकाश फिरणाऱ्या चकतीचा मीटर तो हाच. त्यात एक वेटोळे विजेच्या दाबाचे, दुसरे प्रवाहाचे. दोहोंच्या मध्ये ॲल्युमिनियमची चकती. दोन्ही वेटोळी मिळून चकतीला जो रेटा देत, तो दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतका असे, आणि एक स्थायी लोहचुंबक तिला गतीच्या प्रमाणात मागे ओढून आवरून धरी. परिणामी चकतीचे फेरे म्हणजेच वापरलेली वीज, असा सरळ हिशेब होता. हे यंत्र इतके प्रामाणिक आणि चिवट निघाले की जगभर सुमारे शतकभर त्याला हलवणारा कोणी भेटला नाही. त्याचा एकच स्वाभाविक दोष होता, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरला: फिरणाऱ्या वस्तूला घर्षण असते. अगदी बारीक भार असला की चकती जागची हलण्यास अळंटळं करी, आणि वर्षानुवर्षांच्या धुळीने व झिजेने ही सुस्ती वाढत जाई.

ताटलीखालचे गुपित

आता समोरच्या काट्याकडे वळू. त्याच्या ताटलीखाली ॲल्युमिनियमचा एक जाड ठोकळा असतो, ज्याचे एक टोक पक्के आणि दुसरे ताटलीला जोडलेले. वांगी ठेवली की हा ठोकळा वाकतो. किती, तर डोळ्यांना कधीही दिसणार नाही इतका. पण त्याच्या अंगावर केसासारख्या बारीक धातुरेषांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ठोकळा वाकला की काही रेषा ताणल्या जाऊन लांब व कृश होतात, काही आखडतात, आणि त्यांचा विजेला होणारा रोध तेवढ्यापुरता बदलतो. तार चिकटवून ताण मोजण्याची ही युक्ती १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना, एकमेकांचा पत्ता नसताना, सुचली.

हा बदल किती सूक्ष्म असतो, याचा अंदाज आकड्यानेच येईल. काटा ३० किलोंपर्यंत तोलणारा आणि पाच-पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा आहे असे समजा. म्हणजे त्याला ६,००० पायऱ्या ओळखावयाच्या आहेत. ताटलीवर पूर्ण ३० किलो ठेवले तरी ठोकळ्यातून मिळणारा विद्युत्-संकेत साधारणतः १० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा शंभरावा भाग. तेव्हा पाच ग्रॅमच्या वाट्याला एका व्होल्टचा सुमारे सहा लाखावा भाग येतो. भिंतीवरच्या मीटरची अडचणही याच जातीची आहे. त्याच्यात गाळ्याचा सर्व प्रवाह मँगॅनीन नावाच्या मिश्रधातूच्या एका आखूड पट्टीतून नेलेला असतो. तांबे, मँगनीज आणि निकेल यांचा हा मिश्रधातू उष्णतेने आपला रोध फारसा बदलत नाही, म्हणून त्याची निवड. पट्टीचा रोध एका ओहमच्या दहा हजारांश तीन असेल, तर १० अँपियर प्रवाहाला तिच्या दोन टोकांत ३ मिलिव्होल्टांचा फरक पडतो, आणि १० वॉटचा एकच दिवा जळत असला तर व्होल्टच्या लाखाव्या भागाहून थोडासाच अधिक.

म्हणजे दोन्ही यंत्रांपुढे प्रश्न एकच उभा राहतो: हा जो अखंड, सळसळता, अत्यंत क्षीण संकेत आहे, त्याचा आकडा कसा करावयाचा?

शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक

किलोग्रॅम येण्यापूर्वी, म्हणजे १९५८ सालापासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने रूढ होईपर्यंत, मंडईत जी वजने चालत त्यांची नावे वर दिली आहेत. त्यांत एक विलक्षण सोय दडलेली होती: प्रत्येक वजन आधीच्या वजनाच्या बरोबर निम्मे. समजा एका पारड्यात अकरा छटाक मिरची आहे आणि दुकानदाराला ते माहीत नाही. तो अच्छेर टाकतो. पारडे अजून मिरचीकडेच झुकलेले, तेव्हा वजन राहू देतो. पावशेर टाकतो, आता वजनाचे पारडे खाली जाते, म्हणून तो उचलून घेतो. नवटाक टाकतो, तो राहतो. छटाक टाकतो, तोही राहतो, आणि काटा मध्यावर येतो. ठेवले, उचलले, ठेवले, ठेवले: केवळ चार निर्णयांत सोळा शक्यतांपैकी नेमकी एक हाती आली. विजेच्या संकेताचा आकडा करणाऱ्या मंडलांचा एक मोठा वर्ग आजही तंतोतंत असेच काम करतो. फक्त वजनांऐवजी ज्ञात व्होल्टेज टाकून पाहिले जाते, आणि ‘ठेवले’ला एक, ‘उचलले’ला शून्य म्हणतात.

मग हीच रीत काट्यात आणि मीटरात का वापरू नये? कारण सूक्ष्मता वाढवावयाची तर वजनांची संख्या वाढवावी लागते; वीस वजनांनी दहा लाखांहून अधिक पायऱ्या मिळतील खऱ्या, पण तेव्हा सर्वांत मोठे वजन बाकी सर्वांच्या बेरजेहून फक्त एका कणानेच जड हवे. इतक्या तंतोतंत निम्म्या-निम्म्या वजनांचा संच सिलिकॉनच्या चकत्यांवर लाखोंच्या संख्येने आणि स्वस्तात घडवणे हे अतिशय दुष्कर. या पेचातून सुटण्यासाठी ज्यांनी सर्वच वजने फेकून देऊन फक्त एकच वजन ठेवले, त्यांच्या प्रतिभेचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

शंभराच्या नोटांचा हिशेब

एक गिऱ्हाईक रोज ३७ रुपयांची भाजी नेते, पण त्याच्याकडे फक्त शंभराच्या नोटा आहेत आणि दुकानदाराकडे सुटे नाहीत. दोघांचा करार असा की बाकी वहीत मांडावी, आणि बाकी शंभराला पोहोचली की त्या दिवशी एक नोट द्यावी, उरलेली शिल्लक पुढे ओढावी. पहिल्या दिवशी बाकी ३७, दुसऱ्या दिवशी ७४, तिसऱ्या दिवशी १११. एक नोट दिली, शिल्लक ११. मग ४८, ८५, १२२. पुन्हा एक नोट, शिल्लक २२. असे चालू राहते.

आता रस्त्यापलीकडे बसलेल्या माणसाची कल्पना करा, ज्याला ना वही दिसते ना भाजी. त्याला रोज एवढेच कळते की आज नोट दिली किंवा दिली नाही. दहा दिवसांत तो तीन नोटा मोजतो आणि म्हणतो की रोजची खरेदी तिसाच्या आसपास असावी. शंभर दिवसांनी त्याच्याकडे ३७ नोटांची नोंद असते, आणि तो निःशंकपणे सांगतो: रोज ३७ रुपये. ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन ओबडधोबड शब्दांतून रुपयापर्यंत अचूक उत्तर निघाले, आणि ते निघाले याचे एकमेव कारण असे की वहीतली शिल्लक कोणी पुसली नाही. रोजच्या रोज शिल्लक सोडून दिली असती तर ३७ रुपये शंभराहून कमी म्हणून एकही नोट कधी निघाली नसती, आणि पलीकडच्या माणसाने शून्य लिहिले असते.

वजनकाट्यात आणि मीटरात जे मंडल बसलेले असते ते हीच वही ठेवते. भाजी म्हणजे आत येणारा क्षीण संकेत, नोट म्हणजे एकच ठरावीक विद्युत्-भार, आणि वही म्हणजे एक धारित्र, जे बादलीत पाणी साठावे तसा विद्युत्-भार साठवते. येणारे आणि दिलेले यांतील फरकाला गणितात डेल्टा, व साठत जाणाऱ्या बेरजेला सिग्मा म्हणतात, म्हणून या मंडलाला सिग्मा-डेल्टा परिवर्तक हे नाव पडले. यात वजन एकच असल्यामुळे ते दुसऱ्या कोणाच्या निम्मे आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्या बदल्यात घाई करावी लागते: मीटरातले मंडल नोट द्यावी की न द्यावी याचा निर्णय सेकंदाला काही लाख वेळा घेते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कॅसिअस कटलर यांनी १९५४ साली अर्ज केलेल्या पेटंटात, एका मापातली चूक धरून ठेवून पुढच्या मापात मिसळण्याची कल्पना मांडलेली आहे. आणि टोकियोच्या हिरोशी इनोसे, यासुहिको यासुदा व त्यांच्या सहकाऱ्याने १९६२ मध्ये, दूरच्या ठिकाणचे मापन पाठवण्याच्या निमित्ताने, या योजनेला आजचे रूप आणि नाव दिले. परंतु लाखो निर्णयांची सरासरी क्षणोक्षणी काढण्याचे काम करणारे गणकमंडल स्वस्त होईपर्यंत तिला वाट पाहावी लागली. ती मंडले जेव्हा नखाएवढ्या चकतीवर मावू लागली, तेव्हा कुठे ही वही मंडईतल्या गाळ्यापर्यंत पोहोचली.

भाव आणि माल

काट्याचे काम येथे संपते. मीटराचे संपत नाही, कारण त्याला प्रवाहाबरोबर दाबही मोजावा लागतो आणि दोहोंचा गुणाकार करावा लागतो. जसे केवळ वजनावरून पैसे ठरत नाहीत, भावही लागतो. आणि हा भाव क्षणभरही स्थिर नसतो: आपण ज्याला २३० व्होल्ट म्हणतो तो दाब वस्तुतः शून्यापासून सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो, उतरतो, उलट्या दिशेला तितकाच जातो, आणि हे सारे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकते.

ज्या बाजारात भाव सकाळी चढा आणि रात्री उतरता असतो, तेथे दिवसाचा सरासरी भाव आणि एकूण माल यांचा गुणाकार करून कोणी बिल केले तर ते खोटे ठरेल; प्रत्येक खरेदीच्या वेळचा भावच धरला पाहिजे. म्हणून मीटर प्रत्येक आवर्तनात अनेकवार दाब आणि प्रवाह यांचे आकडे घेतो, त्या त्या क्षणाचा गुणाकार करतो आणि मग बेरीज. पंख्यासारख्या किंवा पाण्याच्या मोटारीसारख्या उपकरणांत प्रवाह दाबाच्या किंचित मागे रेंगाळतो, त्यामुळे काही क्षणी दाब एका दिशेला आणि प्रवाह दुसऱ्या दिशेला असतो. अशा वेळी गुणाकार उणे येतो, म्हणजे उपकरणाने घेतलेला माल थोडासा परत केला, आणि मीटर तो वजा धरतो. छपरावर सौर पट्ट्या असलेल्या घरांत तर हा उणे गुणाकार दुपारभर चालतो, आणि म्हणूनच एकाच मीटराने आयात-निर्यातीचा जमाखर्च ठेवणे शक्य झाले.

या गुणाकारांची बेरीज पुन्हा एका वहीत साठते, आणि ती ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की तांबडा दिवा एकदा लुकलुकतो व शिल्लक पुढे ओढली जाते. तीच शंभराच्या नोटेची रीत. दर युनिटास ३,२०० लुकलुकी असे मीटरवर लिहिले असेल, तर प्रत्येक लुकलुक म्हणजे युनिटाचा ३,२०० वा हिस्सा. मावशींना मी पुढच्या खेपेस सांगितले की त्या डब्यात वीज ठेवत नाहीत, तिचे खाते ठेवतात. आणि दिवा लुकलुकतो तो नोट वसूल झाली म्हणून. त्यांना हे एका दमात पटले, कारण त्यांच्याही गल्ल्याखाली तसलीच एक वही होती.

‘नवा मीटर पळतो’

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ सालच्या विनियमांनी ग्राहकांचे मीटर स्थितिक, म्हणजे फिरता भाग नसलेले, असावेत असे ठरवून दिले, आणि चकती हळूहळू भिंतीवरून उतरली. त्यासरशी गल्लोगल्ली तक्रार उठली की नवा मीटर पळतो. या तक्रारीची टवाळी करणे अन्यायाचे होईल, कारण बिल खरोखरच वाढल्याचा अनुभव अनेकांना आला. पण त्याचे मुख्य कारण नव्याची धाव नसून जुन्याची सुस्ती होय असे माझे मत आहे. भिंतीत लावून ठेवलेला चार्जर, रात्रभर जागा असलेला दूरदर्शन संच, देव्हाऱ्यातला चिमुकला दिवा, यांच्यासाठी झिजलेली चकती हलत नसे. सिग्मा-डेल्टाच्या वहीत मात्र पै न् पै चढते. तथापि एकही नवा मीटर बिघडत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. सैल पडलेला स्क्रू, विजेचा कडकडाट, ओल, यांनी इलेक्ट्रॉनिक मंडलही चुकू शकते, आणि त्याची रुजवात करण्याचे साधन प्रत्येकाच्या हाताशी आहे.

┌────────────────────
चौकट : आपला मीटर आपणच पाहा

मीटरच्या दर्शनी पट्टीवर दर युनिटामागे किती लुकलुकी ते लिहिलेले असते. ३,२०० असेल तर पुढीलप्रमाणे करावे.

घरातील सर्व उपकरणे बंद करावीत. दिवा लुकलुकणे थांबले पाहिजे. थांबले नाही तर काहीतरी चालू राहिले आहे, किंवा तारेतून वीज झिरपत आहे.

मग पाणी तापवण्याचा १,००० वॉटचा रॉड पाण्यात बुडवून लावावा आणि घड्याळ धरून १०० लुकलुकी मोजाव्यात. त्यांना सुमारे ११२ सेकंद लागावेत.

विजेचा दाब उतरला असेल तर रॉडच कमी वीज घेतो; म्हणून पाच-दहा टक्क्यांच्या फरकावरून मीटरला दोष देऊ नये.

रॉड चालू असताना पाण्याला किंवा बादलीला हात लावू नये.
└────────────────────

गणेशोत्सवात मंडळे रोषणाईसाठी तात्पुरती वीजजोडणी घेतात, तेव्हा मांडवाच्या खांबालाही असाच मीटर टांगलेला असतो. कार्यकर्त्यांनी आरतीच्या वेळी सर्व माळा पेटल्यावर आणि मध्यरात्री त्या विझल्यावर त्याच्या दिव्याकडे एकेकदा पाहावे, म्हणजे कोणती माळ किती वीज खाते हे बिल येण्यापूर्वीच समजेल. घरच्या मीटरच्या लुकलुकीत आणि घड्याळात चौथाई-तिहाईचा फरक पडत असेल, आणि तो दोन-तीन वेळा मोजूनही कायम राहत असेल, तर शेजाऱ्यापाशी हळहळत बसण्यापेक्षा वीज कंपनीच्या कार्यालयात मीटर-तपासणीसाठी लेखी अर्ज द्यावा, त्यात आपण मोजलेले सेकंद तारखेनिशी लिहावेत, आणि अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.